फोटोत पाच, आवाजात सहा : ‘प्रतिमा’ हा विषय संशोधनाला घेताना

‘मला अमक्या कलाकाराच्या प्रतिमेवर पीएच.डी. करायचीय,’ असं बरेच जण म्हणतात. विषय चांगलाच आहे. पण प्रतिमा तपासायची कशी, इथे गाडी अडते. म्हणून एक उदाहरण घेऊ : रोलिंग स्टोन्स.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर पोसलेला लंडनचा हा रॉक बँड 1962 पासून वाजवतोय. 2003 मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरही त्यांचा कार्यक्रम झाला. त्यांची ओळख काय, तर उद्धट, बेबंद पोरं. ही ओळख आपोआप झाली नाही. 1963 मध्ये अँड्र्यू लूग ओल्डहॅम त्यांचा मॅनेजर झाला. बीटल्स तेव्हा नीटनेटके, सूटबूटवाले म्हणून लोकप्रिय होत होते. ओल्डहॅमने स्टोन्सना बरोबर त्याच्या उलट उभं केलं.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. पियानोवादक इयान स्टुअर्ट हा बँडच्या अगदी पहिल्या सदस्यांपैकी एक. पण तो दिसायला या प्रतिमेत बसत नव्हता, म्हणून ओल्डहॅमने त्याला अधिकृत बँडमधून बाजूला काढलं. स्टुअर्ट तरी गेला नाही. दौऱ्यांचं सामान सांभाळत आणि रेकॉर्डवर पियानो वाजवत तो 1985 मध्ये मरेपर्यंत बँडसोबतच राहिला. 1989 मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेव्हा सदस्यांत त्याचंही नाव होतं.

आता लक्षात घ्या : प्रतिमा म्हणजे नुसतं ‘लोकांना काय वाटतं’ एवढंच नाही. काय दाखवायचं नि काय झाकायचं, याचे कुणीतरी घेतलेले निर्णय त्यामागे असतात. आणि निर्णय तपासता येतात.

त्यासाठी दोन प्रकारची साधनं शेजारी ठेवा. एक, दाखवण्यासाठी बनवलेली : पोस्टर, फोटो, मुलाखती. दुसरी, काम चालवण्यासाठी बनलेली : रेकॉर्डिंगच्या नोंदी, करार, हिशेब. दोन्हींत जिथे मेळ बसत नाही, तिथे तुमचा प्रश्न असतो. आत्मचरित्रं मात्र जपून वापरा. ओल्डहॅमचं 2000 मध्ये आलं, गिटारवादक कीथ रिचर्ड्सचं 2010 मध्ये. घटनेनंतर चार दशकांनी सांगितलेली आठवण हीसुद्धा प्रतिमाच असते.

हे करायला लंडनला जायची गरज नाही. मेहरूणमध्ये वरात निघाली की बँडची गाडी बघा. बँडचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली मालकाचा मोबाइल नंबर. ट्रम्पेट, ढोल वाजवणाऱ्यांची नावं कुठे आहेत? गाडीवर नाहीत. ती सापडली तर मालकाच्या वहीत, नाहीतर वादकांच्याच तोंडून. वही बघण्याआधी परवानगी घ्या, आणि वादकाला स्वतःचं नाव छापून यायला हवंय का, हेही विचारा.

मग ‘खान्देशातल्या बँडची प्रतिमा’ हा ढोबळ विषय असा होईल : बँडच्या जाहिरातीत कोण दिसतं, कोण दिसत नाही, आणि हे कोण ठरवतं? गाइडसमोर हा प्रश्न घेऊन जा.