अतिदूरच्या दीर्घिकांची अंतरनिश्चिती

१२१६ अँगस्ट्रॉमहून आखूड लहरींचा प्रकाश वाटेतील उदासीन हायड्रोजन शोषून घेतो, व ही तुटलेली कड विश्वप्रसरणामुळे अवरक्तात सरकते. म्हणून जी दीर्घिका आखूड लहरींच्या गाळण्यांतून दिसतच नाही आणि दीर्घ लहरींच्या गाळण्यांतून दिसते, ती अतिदूरची असावी असे मानतात. हे अनुमान होय, प्रमाण नव्हे.

सीईईआरएस-९३३१६ या दीर्घिकेची ताम्रच्युती २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून सुमारे १६.४ मानली गेली. तसे असते, तर महास्फोटानंतर अवघ्या चोवीस कोटी वर्षांत इतकी तेजस्वी दीर्घिका घडली कशी, हा प्रश्न प्रचलित सिद्धांतांना जडच गेला असता. पुढे वर्णपट घेतला, तेव्हा ती निघाली ४.९! ही दीर्घिका धुळीने तांबूस झालेली. पण तिच्या ऑक्सिजन व हायड्रोजनच्या प्रखर उत्सर्जनरेषा नेमक्या दीर्घ लहरींच्या गाळण्यांत पडल्या आणि त्यांनी निळसर अखंड वर्णपटाचा आभास उत्पन्न केला. त्याच निरीक्षणांत ‘मेझीची दीर्घिका’ मात्र ११.४ वर टिकली.

वर्णपटातही कडेपेक्षा रेषा अधिक विश्वसनीय, कारण दीर्घिकेभोवतीचा हायड्रोजन कड पुसट करतो. जेड्स-जीएस-झेड१४-० हिची ताम्रच्युती कडेवरून १४.३२ आली होती. आल्मा दुर्बिणीने टिपलेल्या ऑक्सिजनच्या एका रेषेने ती १४.१८ वर आणली.