डिग्री विद्यापीठाची, शिकवणार कॉलेज: ही पद्धत आली कुठून?

बीए, बीकॉम झालेल्या अनेकांनी आपल्या विद्यापीठात कधी पाऊलही ठेवलेलं नसतं. शिकायचं कॉलेजात, पेपर मात्र विद्यापीठाचा आणि डिग्रीही त्याचीच. ही पद्धत इंग्रजांच्या काळातली.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला. त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथं विद्यापीठं सुरू झाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. ते तेव्हा शिकवत नव्हतं, फक्त परीक्षा घेऊन पदव्या द्यायचं. सरकारला इंग्रजी शिकलेले कर्मचारी हवे होते आणि ही पद्धत स्वस्तात पडत होती.

गंमत म्हणजे १९०० मध्ये लंडन विद्यापीठाची फेररचना झाली आणि शिकवणं हेही त्याचं काम ठरलं. मुंबईतही पुढे विभाग निघाले, पण कॉलेजांच्या परीक्षांचा पसारा कायम राहिला.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजं तालुक्यापर्यंत पोहोचली. अनेक घरांतला पहिला पदवीधर तिथंच घडला. पण विद्यापीठांवरचं ओझंही वाढलं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल काही महिने रखडले आणि विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की, १५ वर्षांत संलग्नता टप्प्याटप्प्यानं संपवावी. कॉलेजांनी स्वायत्त होऊन स्वतः डिग्री द्यावी, नाहीतर विद्यापीठाचाच भाग व्हावं.

शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांना हे जमेल. पण तालुक्याच्या कॉलेजची डिग्री आज विद्यापीठाच्या नावावर चालते. ते नाव निघालं, तर नोकरीच्या मुलाखतीत तिची किंमत काय राहील, हा खरा प्रश्न आहे.