महिला फुटबॉलला मैदान हवे

५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे भारताच्या महिला फुटबॉल संघाने यजमान थायलंडचा २-१ असा पराभव केला आणि २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेतील आपले स्थान निश्चित केले. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. पात्रता सामने जिंकून ही मजल मारण्याचा भारतीय महिलांचा हा पहिलाच प्रसंग होता आणि समोर होता दोन विश्वचषक स्पर्धा खेळलेला संघ. त्याच वर्षी वीस वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या संघांनीही आपापल्या आशियाई स्पर्धांची पात्रता मिळविली. एका वर्षात तीन संघांनी तीन दरवाजे उघडले. पुरुषांच्या फुटबॉलचा कारभार वादांत आणि अनिश्चिततेत रुतला असताना हे घडले, हे विशेष. तरीही या यशाचा गाजावाजा वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठावरील एका चौकटीपलीकडे फारसा गेला नाही. कौतुक हवेच, परंतु हे यश कशाच्या बळावर टिकणार, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

स्त्रियांच्या फुटबॉलला प्रेक्षक लाभत नाहीत, हा समज जितका प्रचलित तितकाच निराधार आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या एका कारखान्यातील कामगार स्त्रियांचा ‘डिक, कर लेडीज’ हा संघ खेळला, तेव्हा सुमारे ५३,००० प्रेक्षक उपस्थित होते. या सामन्यांतून जमणारा पैसा महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी व अन्य धर्मादाय कार्यांसाठी जात असे. यानंतर एक वर्षही लोटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नव्हे असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी उठावयास पन्नास वर्षे लागली. म्हणजे स्त्रियांचा फुटबॉल लोकांना नकोसा झाला म्हणून मागे पडला असे नव्हे. तो हवाहवासा होऊ लागला असतानाच त्याच्या पायाखालची जमीन काढून घेण्यात आली. खेळ मारावयाचा असेल तर खेळाडूंना मारण्याची आवश्यकता नसते, मैदान काढून घेतले की पुरे, हा या इतिहासाचा धडा आहे. आजच्या गोमंतकालाही तो विसरता येण्यासारखा नाही.

बंदी उठल्यानंतरची प्रगती मात्र थक्क करणारी आहे. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांची पहिली अधिकृत विश्वचषक स्पर्धा झाली. १९९९ च्या अंतिम सामन्याला अमेरिकेत ९०,१८५ प्रेक्षक जमले. एप्रिल २०२२ मध्ये बार्सिलोना आणि वुल्फ्सबर्ग या क्लबांच्या महिला संघांचा सामना पाहण्यास ९१,६४८ लोक आले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ३२ संघांची विश्वचषक स्पर्धा झाली आणि तिला एकंदर एकोणीस लाखांहून अधिक प्रेक्षकांनी हजेरी लावली. त्या स्पर्धेची बक्षिसाची रक्कम ११ कोटी डॉलर होती. आदल्या वर्षीच्या पुरुषांच्या विश्वचषकात ती ४४ कोटी होती. अंतर चौपटीचे आहे, पण ते बोलून दाखविण्याचे आणि कमी करण्याचे धाडस आता खेळाडू स्त्रियाच करू लागल्या आहेत. २०२७ ची स्पर्धा ब्राझीलमध्ये भरविण्याचे ठरले, ते याच वाढत्या लोकप्रियतेच्या भरवशावर.

भारताची कहाणी याहून निराळी आणि काहीशी खेदजनक आहे. आपण उशिरा सुरुवात केली असे म्हणावयाची सोय नाही. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला. १९८० मध्ये कालिकत येथे आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे भारताचा संघ आशियाई स्पर्धेत उपविजेता ठरला होता. शांती मलिक हिला १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू. त्या काळात जपानसारखे देशही या खेळात आपल्या फार पुढे नव्हते. त्याच जपानने २०११ मध्ये विश्वचषक जिंकला. आणि आपला संघ मात्र दीर्घ काळ सामनेच न खेळल्याने एकदा जागतिक क्रमवारीतूनही गळाला. हाताशी आलेली आघाडी आपण पराभवाने गमावली नाही, दुर्लक्षाने गमावली.

ज्यांनी या दुष्काळात खेळ जिवंत ठेवला, त्यांत मणिपूरचे नाव सर्वप्रथम घ्यावे लागेल. ओइनम बेमबेम देवी लहानपणी मुलांबरोबर खेळावयास मिळावे म्हणून मुलाचे नाव सांगत असे. तिला २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. तिच्याच राज्याची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळली. पंजाबची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. हरयाणातील अलखपुरा या खेड्यात शाळेच्या व्यायामशिक्षकाने मुलींच्या हाती एक चेंडू दिला, आणि तेथून राष्ट्रीय संघापर्यंत जाणाऱ्या मुलींची रांग लागली. या गावांकडे ना संपत्ती होती, ना फुटबॉलची जुनी परंपरा. होते ते एक मैदान, एक जागरूक शिक्षक आणि मुलींना संध्याकाळी घराबाहेर पडू देणारे आईबाप.

गोमंतकाकडे तर यांहून पुष्कळ अधिक आहे. १८८३ मध्ये शिवोली येथे फादर विल्यम लायन्स यांनी या भूमीत फुटबॉल आणला असे मानले जाते. धेंपो, साळगावकर यांसारख्या उद्योगसमूहांनी संघ पोसले. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला. शासनाने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्याच्या खेळाचा दर्जा दिला. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत योलांडा डिसोझा हिच्यासारखी गोमंतकीय खेळाडू भारतीय महिला संघातून खेळत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेचे सामने भुवनेश्वर आणि नवी मुंबईबरोबर मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाले. दोन्ही उपांत्य सामने आपल्या अंगणात खेळले गेले. स्पेन, जर्मनी, कोलंबिया आणि नायजेरिया यांच्या मुली येथे झुंजल्या. एवढे असूनही भारताच्या महिला संघाची चर्चा निघते तेव्हा मणिपूर, झारखंड, हरयाणा, ओडिशा व तामिळनाडू यांची नावे ओठांवर येतात. गोव्याचे नाव क्वचितच येते.

याचे कारण शोधावयाचे तर काही गोष्टी आपल्या घरातच शोधाव्या लागतील. गोमंतकातील हिंदू समाजाने फुटबॉल केव्हाच आपला मानला. पण तो मुलग्यांपुरता. शाळेच्या संघात असेतोवर मुलीचे कौतुक होते, बक्षिसांचे करंडक दिवाणखान्यात मांडले जातात. दहावी जवळ आली की शिकवणी सुरू होते आणि सराव सुटतो. पुढे उन्हाने काळवंडलेल्या रंगाची, गुडघ्यावरच्या खरचटलेल्या खुणांची आणि आखूड विजारीची चिंता घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटू लागते, आणि या सगळ्या चिंतांच्या मागे लग्नाची चिंता उभी असते. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. समाज जसा असतो तशीच आईबापांची भीती असते. परंतु सायकलवरून शाळेत जाणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या, नोकरीसाठी परगावी राहणाऱ्या मुलींविषयीही एकेकाळी हेच बोलले जात होते. ते बोलणारे आज आपल्या शिकल्यासवरल्या नातींची हकिकत अभिमानाने सांगतात.

दुसरी अडचण मैदानाची. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात दोन बांबू रोवून सामने सुरू व्हावयाचे, ही आपल्या गावांची जुनी रीत. आता शेते भरली जात आहेत, त्यांवर इमारती उभ्या राहत आहेत, आणि उरलेल्या मैदानावर संध्याकाळचे दोन तास कोणाचे, याचा निकाल न सांगताच लागलेला असतो. मुलगे खेळतात, मुली कडेला उभ्या राहतात. १९२१ मध्ये इंग्लंडमध्ये जे ठराव करून झाले, ते आपल्याकडे ठरावाविना होते, एवढाच काय तो भेद. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, केपे, काणकोण या तालुक्यांत एखाद्या मुलीला खेळाची गोडी लागलीच, तर सराव संपवून काळोख पडल्यावर घरी परतण्यास बस असते काय, मैदानाजवळ कपडे बदलावयास आडोसा व स्वच्छतागृह असते काय, हे कोणी पाहत नाही. विश्वचषकासाठी गवत हिरवेगार करणाऱ्या शासनाला एवढी सोय अशक्य नसावी.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यात गैरवर्तनाच्या आरोपावरून सहायक प्रशिक्षकाला दूर करावे लागले. मार्च २०२४ मध्ये, महिला लीगच्या दुसऱ्या श्रेणीचे सामने गोव्यात चालू असताना, हिमाचल प्रदेशातून आलेल्या संघातील दोन मुलींनी महासंघाच्या एका पदाधिकाऱ्याने आपणास मारहाण केल्याची तक्रार केली. त्याला अटक झाली आणि महासंघाने त्याला निलंबित केले. न्यायालयाचा निर्णय काय व्हावयाचा तो होईल. पण पाहुण्या म्हणून आपल्या राज्यात आलेल्या मुलींना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, याची खंत गोमंतकीयांना वाटावयास हवी. अशी एक बातमी शंभर आईबापांना आपल्या मुलीचे बूट माळ्यावर टाकावयास लावते. प्रत्येक संघाबरोबर जबाबदार स्त्री व्यवस्थापक असणे आणि तक्रार निर्भयपणे करता येईल अशी जागा असणे, ही शोभेची कलमे नव्हेत. ती महिला फुटबॉलची पायाभरणी आहे.

आणि शेवटी प्रश्न उरतो पोटाचा. राष्ट्रीय महिला लीग २०१७ च्या आरंभी सुरू झाली. केरळच्या गोकुळम संघाने ती सलग तीनदा जिंकली. कोल्हापूरसारख्या तालमींच्या फुटबॉलनगरीतूनही एक संघ त्या लीगमध्ये उतरला. परंतु घरच्या आणि परक्या मैदानावर सामने खेळण्याची रीतसर पद्धत २०२३-२४ च्या मोसमापर्यंत आली नव्हती, आणि त्या मोसमात संघ होते अवघे सात. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय महासंघावर जागतिक संघटनेने बंदी घातली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुळमच्या मुलींना एकही सामना न खेळता परतावे लागले. चूक कारभाऱ्यांची, शिक्षा मुलींना! आपल्याकडे पुरुष फुटबॉलपटूंच्या कित्येक पिढ्यांना बँका, सरकारी खाती, गोद्या व उद्योगसमूह यांनी नोकऱ्या दिल्या, म्हणून त्या पिढ्या खेळत राहिल्या. मुलींसाठी रेल्वे आणि काही राज्यांची पोलीस दले सोडली तर तसा आधार दिसत नाही.

क्रिकेटचे उदाहरण येथे डोळे उघडणारे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने स्त्री-पुरुषांना सामन्याचे समान मानधन जाहीर केले, २०२३ मध्ये महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. हे ज्या मैदानावर घडले त्याच मैदानावर तीन वर्षांपूर्वी मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता; त्या स्पर्धेत यजमान भारताच्या मुली तिन्ही सामने हरल्या होत्या, अमेरिकेविरुद्ध तर ०-८ असा. गुणवत्ता एकाच देशातली, मैदानही एकच. फरक होता तो मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेचा.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकाच्या कन्यांनी देशाला मोहिनी घातली, पण त्यांच्या गुणांना राजमान्यता व लोकमान्यता मिळाली ती मुंबईत. आपण अभिमान बाळगला तो नंतर. घरच्या गुणांना परक्या अंगणात वाढू द्यावयाचे आणि मग त्यांच्या नावाने सत्कार करावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या बाबतीत तरी तिची पुनरावृत्ती होऊ नये.

त्यासाठी अवाढव्य योजनांची आवश्यकता नाही. प्रत्येक पंचायतीने आपल्या मैदानावरील आठवड्याच्या तीन संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवाव्यात. प्रत्येक तालुक्यात निदान एक प्रशिक्षित स्त्री मार्गदर्शक नेमावी. निवृत्त खेळाडू स्त्रिया या कामास मिळू शकतात. गोव्यातील जे क्लब पुरुषांचे संघ चालवितात त्यांनी मुलींचाही संघ चालवावा. शासकीय नोकऱ्यांतील क्रीडापटूंच्या जागा भरताना महिला फुटबॉलपटूंचा विचार व्हावा. राष्ट्रीय महिला अजिंक्यपदाच्या करंडकास राजमाता जिजाबाईंचे नाव देण्यात आले आहे. ज्या मातेने पुत्राला घडविले तिच्या नावाचा करंडक जिंकावयाचा तर आपल्या कन्यांनाही घडवावे लागेल, एवढे तरी त्या नावाने आपणास शिकवावे.

मुलींच्या फुटबॉलला प्रेक्षक आहेत, गुण आहेत, इतिहासही आहे. उणीव आहे ती संध्याकाळी पाच वाजता मोकळ्या मिळणाऱ्या मैदानाची आणि सात वाजता घरी सुखरूप पोहोचण्याच्या खात्रीची. ती उणीव दूर करणे चियांग माईला जिंकण्याहून सोपे आहे. तेथे मुलींनी आपले काम केले. येथले काम आपले आहे.