मॉर्फिन घरापर्यंत यायला लागलेली वर्षं

पुण्याजवळच्या दापोडीत एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेली बरीच माणसं राहतात. नव्वदच्या दशकात अशा एखाद्या घरात कॅन्सर शिरला, की ऑपरेशन, शेक यांची सोय कशीबशी व्हायची. वेदना शमवण्याची मात्र व्हायची नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा रोख तस्करांवर होता, पण मॉर्फिनसाठी परवान्यांची रांग लागली आणि औषधविक्रेत्यांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर 90 टक्क्यांहून जास्त घसरला. मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने पिकत होती, तेव्हाची ही गोष्ट.

1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी ‘शांती अवेदना सदन’ सुरू झालं. 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र आलं, तेही विनामूल्य. दापोडीकरांसाठी हे गावातच आल्यासारखं होतं.

पण कायद्याइतकीच भीती घरच्यांच्या मनात होती. ‘आत्ताच मॉर्फिन दिलं तर शेवटी काय देणार?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण त्यापायी माणसं विनाकारण कळा सोसतात. हे खरं, की औषध रोज घेतलं की मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ज्या ग्राहींवर ते काम करतं, त्यांचा प्रतिसाद मंदावतो. त्याच डोसाने आराम कमी पडतो. हे व्यसन नव्हे. मॉर्फिनला ठरलेली कमाल मात्रा नाही, त्यामुळे डोस टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. मात्र त्याआधी डॉक्टर आजारच पुढे सरकलाय का, हे तपासतात; पुष्कळदा कारण तेच निघतं. गुंगी, मळमळ काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. वाढवूनही भागेना, तर मॉर्फिनच्याच गटातलं दुसरं औषध (ओपिऑइड) देतात, तेही हिशेबाने येणाऱ्या मात्रेपेक्षा कमी. शरीर नव्या औषधाला तितकं सरावलेलं नसतं. गोळ्या एकदम बंद करू नयेत. मध्ये खंड पडला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुना डोस घेऊ नये. सराव सुटलेल्या शरीरात त्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ सुटलं. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या एकाच अधिकाऱ्याची मंजुरी पुरते. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन सहसा मिळत नाही. आपल्या रुग्णालयाला ती मान्यता आहे का, हे कॅन्सरचं निदान झाल्याच्या आठवड्यातच विचारून ठेवावं.