सुसाट फिल्टर, आत मात्र धूळ?

*पाच-सहा हजारांचा लालचुटूक ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर बसवला की गाडी मस्त घुमते, यात वाद नाही. पण कंपनीच्या साध्या कागदी फिल्टरइतकं तो इंजिन सांभाळतो का? एका मित्राच्या हौसेपायी आम्ही जरा खोलात शिरलो...*

शनिवारी सकाळी साडेआठला मोबाइल वाजला, तेव्हाच ओळखलं की पठ्ठ्याने गाडीचं काहीतरी करून ठेवलंय. “अगं खाली ये. बोलू नकोस, फक्त ऐक.” मी तशीच चपला अडकवून खाली. गेटपाशी त्याची पांढरी सेकंडहँड स्विफ्ट, बॉनेट उघडं आणि चेहऱ्यावर बारशाचा आनंद. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. व्हूऽऽम! वॉचमनच्या खुर्चीखाली झोपलेलं कुत्रं उठून चालतं झालं.

बॉनेटखालचा काळा प्लास्टिकचा डबा गायब होता. त्या जागी एका पाइपच्या टोकाला लाल रंगाचा जाळीदार कोन. आईस्क्रीमचा असतो तसा, फक्त आडवा.

बाणेरपर्यंत एक राऊंड मारला. पिकअप वाढल्यासारखा वाटला, हे मला मान्य केलंच पाहिजे. वाटला की ऐकू आला, ते मात्र सांगता येणार नाही. मग चहाच्या टपरीवर त्याने कौतुकाने क्लॅम्प सैल करून तो कोन काढून दाखवला. मी सहज पाइपमध्ये बोट फिरवलं. फिल्टरच्या पुढच्या नाही, मागच्या बाजूला. म्हणजे जिथे गाळलेली, स्वच्छ हवा असायला हवी तिथे. बोटाला तपकिरी, बारीक, कचकच लागणारी पूड आली.

“तीन आठवडेच झालेत ना बसवून?”

“थोडी चालते यार,” तो म्हणाला. पण म्हणताना त्याने रुमाल काढून पाइप पुसला. गाडीचे अजून अडतीस हप्ते बाकी आहेत. थोडी म्हणजे किती चालते, हा प्रश्न मग दोघांनाही दिवसभर पुरला.

इंजिनाचा श्वास

तुमची गाडी पेट्रोलवर चालते असं तुम्हाला वाटतं. वजनाने बघितलं तर ती हवेवर चालते, पेट्रोल फक्त चवीला! एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा. पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी १०,००० किलोमीटर पळाली, की तिने जवळजवळ ६० लाख लिटर हवा ओढलेली असते. आपल्या रस्त्यांवरची हवा... कुठे ना कुठे खोदकाम, खडीचे डंपर, अर्धवट फुटपाथ. हे सगळं ती गाडी आपल्यासोबत श्वासात घेते.

यातली डोळ्यांना दिसणारी धूळ फारशी घातक नसते, ती कुठलाही फिल्टर अडवतो. खरी डेंजर ती साधारण ५ ते २० मायक्रॉनची. आपला केस अंदाजे ७० मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना करा. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्यात ही पूड शिरते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, आणि तो पॉलिश पेपरचं काम करतो. लगेच काही होत नाही. आवाज येत नाही, लाइट पेटत नाही. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल प्यायला लागते, कॉम्प्रेशन कमी होतं, आणि गॅरेजवाला म्हणतो, “साहेब, इंजिन खोलावं लागेल.”

कागद विरुद्ध कापड

कंपनीतून येतो तो फिल्टर म्हणजे घड्या घातलेला खास कागद. किंमत काही शे रुपये. खराब झाला की फेकायचा. दिसायला एकदम बोअर.

‘परफॉर्मन्स’वाला म्हणजे जाळीत दाबलेले सुती कापडाचे थर, त्यावर विशिष्ट तेल. कापडाची वीण मोकळी, म्हणून हवा सहज जाते. धूळ तेलाला चिकटते. धुवा, वाळवा, पुन्हा तेल लावा, वर्षानुवर्षं वापरा. यातलं जगभर गाजलेलं नाव के अँड एन. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड या कॅलिफोर्नियातल्या मोटरसायकलवेड्या जोडीने १९६९ मध्ये असा फिल्टर बनवला. तेलाने धूळ धरायची कल्पना तशी आपल्याकडेही जुनीच. गावाकडच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर असायचा, आजोबांना विचारा.

रेसिंगमध्ये हा हिशोब फिट्ट बसतो. तिथे एकेक हॉर्सपॉवर सोन्याच्या भावाची असते आणि इंजिन तसंही वरचेवर उघडलं जातं. धूळ गेली थोडी तर जाऊ दे! आपलं इंजिन मात्र ईएमआय संपल्यावरही पाच-सात वर्षं बंद डब्यातच राहावं, अशी आपली माफक अपेक्षा असते.

९७ टक्के म्हणजे पास?

आता गंमत बघा. एअर फिल्टर तपासायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. फिल्टर यंत्रात बसवतात, ठरावीक वेगाने हवा सोडतात, त्यात मोजून मापून धूळ टाकतात. मागे आणखी एक फिल्टर असतो, जो निसटलेली धूळ पकडतो. शेवटी सगळ्याचं वजन करायचं. झाला निकाल.

२००० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल पिकअपसाठी मिळणाऱ्या वेगवेगळ्या फिल्टर्सची अशी तपासणी झाली आणि गाडीवेड्या मंडळींमध्ये ती खूप गाजली. कंपनीच्या एसी डेल्को कागदी फिल्टरने ९९.९३ टक्के धूळ अडवली. के अँड एनने ९६.८०.

तुम्ही म्हणाल, शहाण्णव म्हणजे डिस्टिंक्शनच की! माझाही पहिला विचार तोच. पण इथे मार्क मोजायचे नसतात, चुका मोजायच्या असतात. इंजिनाला किती धूळ अडली याच्याशी देणंघेणं नाही, किती आत आली एवढंच त्याला कळतं. त्या तपासणीत कागदातून ०.४ ग्रॅम धूळ निसटली, तेलकट कापडातून ७ ग्रॅम. सुमारे अठरा पट! तीसुद्धा निम्म्याहून कमी वेळात, कारण कापडाचा फिल्टर २४ मिनिटांतच तुंबला आणि कागदी तासभर चालला. सुरुवातीला हवेला अडथळा सगळ्यात कमी कापडाचा होता, ते त्याचं म्हणणं खरं ठरलं. पण धूळ जमायला लागली की तो ‘मोकळा श्वास’ किती टिकतो, तेही दिसलं.

ही एका गाडीच्या फिल्टरची तपासणी आहे, हे लक्षात ठेवा. प्रत्येक कागदी फिल्टर ९९.९ चा नसतो. स्वस्तातला डुप्लिकेट तर अजिबात नाही. आणि स्वच्छ हायवेवर पळणाऱ्या गाडीला हा फरक जाणवेलच असं नाही. समजा हवेत दर घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ आहे. आपल्या ६० लाख लिटरमध्ये ती भरली सहा ग्रॅम, चहाच्या चमच्याएवढी. त्यातली एक टक्का आत गेली काय नि तीन टक्के गेली काय. पण तुमचा रोजचा रस्ता जर बांधकामांच्या मधून जात असेल, तर चमच्याची वाटी व्हायला वेळ लागत नाही.

मग पिकअप येतो कुठून?

‘दोन-चार हॉर्सपॉवर वाढतात’ हा दावा सगळीकडे दिसतो. वाढतही असतील, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून इंजिन कमाल आरपीएमवर असताना. विद्यापीठ चौकात तुम्ही तसे असता का? ट्रॅफिकमध्ये थ्रॉटलची झडप जेमतेम उघडलेली असते. म्हणजे हवेचा खरा अडथळा तुमचा पाय असतो, फिल्टर नव्हे. नळ अर्धा बंद ठेवून टाकीचा पाइप मोठा करण्यासारखं आहे हे! आणि फिल्टर्समधला फरक तरी केवढा? त्या ड्युरामॅक्स तपासणीत कोऱ्या कागदाचा आणि कोऱ्या कापडाचा अडथळा यांतलं अंतर वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं.

अ‍ॅव्हरेजचंही तेच. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरने गाड्या चालवून बघितल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज फारसं हललंच नाही, कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. वेग घेण्यात मात्र गाडी मंदावली. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. आता घाण फिल्टरनेही जिथे अ‍ॅव्हरेज पडत नाही, तिथे महागड्या फिल्टरने ते वाढणार कसं?

मित्राच्या उघड्या कोनाची तर आणखी एक भानगड. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा ओढतो. उघडा कोन बॉनेटखालची, इंजिनाने तापवलेली हवा गिळतो. हवा दहा अंशांनी तापली की तीन टक्क्यांच्या आसपास विरळ होते. म्हणजे मोकळ्या फिल्टरने जे कमावलं, ते मे महिन्याच्या दुपारी सिग्नलवर उभ्या उभ्या गमावलं! उरला काय, तर आवाज. डब्यात जो आवाज दबायचा तो मोकळा झाला आणि आपल्या मेंदूने त्याला ‘पिकअप’ असं नाव दिलं. (आवाज भारी आहे, हे मी अजूनही नाकारत नाही.)

तेल जास्त झालं की...

ज्यांच्याकडे टर्बो डिझेल आहे त्यांनी जरा जास्त जपून. बहुतेक अशा गाड्यांत फिल्टरच्या मागे एक सेन्सर असतो, आत येणारी हवा मोजणारा. फिल्टर धुतल्यावर हौसेने भसाभस तेल लावलं, की ते उडून सेन्सरवर बसतं. मग त्याला हवा नीट मोजता येत नाही, चेक इंजिन लाइट पेटतो आणि मालक पंपवाल्याच्या डिझेलला शिव्या घालतो. तेल कमी लावलं तर उलटा घोळ, धूळ सरळ आत. कागदाला ही कटकटच नाही.

कागदाचे हाल मात्र आपण वेगळ्या प्रकारे करतो. सर्व्हिसिंगला गाडी गेली की कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘साफ’ करणं हा गॅरेजचा आवडता कार्यक्रम. जोरात मारलेल्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडू शकतात. त्यात आणखी एक गोष्ट, जी ऐकून मी चाट पडले. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा धूळ जास्त चांगली पकडतो, कारण जमलेली धूळच गाळणीचं काम करते. तेव्हा दर महिन्याला उघडून झटकण्यात पुण्य नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरवर बदला. धुळीचा रस्ता असेल तर थोडं आधी. बस्स.

आणि ज्यांना लाल फिल्टर हवाच आहे, त्यांनी निदान कंपनीच्या डब्यातच फिट बसणारा, नावाजलेला घ्यावा. रबरी कड चारी बाजूंनी टेकली पाहिजे. फट राहिली तर कागद काय नि कापड काय, हवा फटीतूनच जाणार. बसवल्यावर हजारभर किलोमीटरने मागचा पाइप पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडकं पांढरं राहिलं तर खुशाल मजा करा.

आमच्या हिरोच्या बाबतीत गुन्हेगार दोन निघाले. कोन कुठल्यातरी बिननावी बनावटीचा होता, आणि पाइपच्या मापापेक्षा किंचित मोठा. क्लॅम्प कितीही आवळला तरी खालच्या बाजूला नख जाईल एवढी फट राहत होती. बसवणाऱ्याने तिथे काळी टेप गुंडाळली होती, जी गरम होऊन सुटली.

रविवारी आम्ही नाना पेठेत गेलो. बहुतेक दुकानं बंद, एक अर्धं शटर उघडं. काकांनी मॉडेल आणि वर्ष विचारलं, स्टुलावर चढून वरच्या फळीवरून खोका काढला, फुंकर मारली आणि काउंटरवर ठेवला. कंपनीचा, कागदी, काही शे रुपये. मित्राने तो उलटसुलट करून बघितला, आणि फारच पडलेल्या आवाजात विचारलं, “काका, यात जरा आवाजवाला नाही का येत?”

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “हॉर्न दाखवू?”