विशी औट आदना?

शहापूरच्या आमच्या जुन्या घरात रेडिओ सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या कोनाड्यात असायचा. त्यामुळे कसोटी सामना सुरू झाला की बाबा सोप्यातून मराठीत चिडायचे आणि अव्वा चुलीजवळून कन्नडमध्ये चौकशी करायची. अव्वा धारवाडकडची. एलबीडब्ल्यू म्हणजे काय, हे तिला मी किमान वीस वेळा सांगितले असेल. तिच्या ते डोक्यात शिरले नाही. रेडिओतून गलका ऐकू आला की तिचा एकच प्रश्न असे, "विशी औट आदना?" विशी बाद झालेला नसला की तिची भाकरी पुन्हा थापली जायची. बाकीचे दहाजण खेळले काय आणि परत आले काय, तिला सोयरसुतक नव्हते.

विशी म्हणजे गुंडप्पा रंगनाथ विश्वनाथ. जन्म १२ फेब्रुवारी १९४९, गाव भद्रावती. नोव्हेंबर १९६९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पहिल्या डावात शून्य. बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "मुंबईत असली पोरं गल्लोगल्ली आहेत." दुसऱ्या डावात त्याच पोराने १३७ धावा काढल्या, त्यात पंचवीस चौकार. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला त्याचा धुरकट फोटो मी कापला आणि भाताच्या शितांनी वहीत चिकटवला. ती वही आजही माझ्याकडे आहे. शितांच्या जागी झुरळांनी भोके पाडली आहेत, पण विशीचा चेहरा शाबूत आहे.

त्या काळी एक विचित्र समजूत होती. ज्या भारतीयाने पहिल्या कसोटीत शतक ठोकले, त्याच्या हातून पुन्हा शतक व्हायचे नाही. लाला अमरनाथ, दीपक शोधन, कृपाल सिंग, अब्बास अली बेग, हनुमंत सिंग, सगळ्यांच्या बाबतीत तसेच झाले होते. बाबा हे दर आठवड्याला ऐकवायचे. १९७३ मध्ये ब्रेबॉर्नवर इंग्लंडविरुद्ध विशीने ११३ धावा करून ते ग्रहण सोडवले. त्या वेळी उंचनिंच टोनी ग्रेगने त्याला तान्ह्या बाळासारखे दोन्ही हातांवर उचलून घेतले होते. तोही फोटो वहीत आहे. अव्वाला तो फार आवडायचा. "हुडुगनिग ऊट इल्लेनो," म्हणायची, पोराला जेवायला मिळत नाही की काय!

बाबांची बाजूही सांगायला हवी. उमेदीची सहा वर्षे त्यांनी गिरगावात खोली करून काढली होती. नोकरी सुटून बेळगावला परत आले, पण मन तिकडेच राहिले. त्यांच्या लेखी मुंबई म्हणजेच क्रिकेट. त्यात १९७३ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि पुढच्याच मार्चमध्ये बंगळूरला रणजीच्या उपान्त्य फेरीत कर्नाटकासमोर मुंबई आली. लागोपाठ पंधरा वर्षे करंडक मुंबईचा! विशीने १६२ धावा काढल्या, ब्रिजेश पटेलने शतक केले. मग प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला, वाडेकर पळताना पाय घसरून धावबाद झाला, आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईची सद्दी संपली. बाबा त्या रात्री मुकाट जेवले. अव्वाने काही न बोलता हुग्गी केली होती. ती तिने त्यांच्या ताटात दोनदा वाढली, हे मात्र जरा अतीच झाले.

पण विशी नेमका कोण, हे मला कळले ते जानेवारी १९७५ मध्ये. वेस्ट इंडिजचा संघ आला होता. पहिल्या दोन कसोट्या आपण हरलेल्या. तिसरी कोलकात्याला जिंकली, त्यात विशीच्या १३९ धावा. चौथी मद्रासला, चेपॉकवर. गावसकर दुखापतीमुळे संघाबाहेर. खेळपट्टीवर चेंडू उसळत होता आणि समोर अँडी रॉबर्ट्स. त्याने त्या डावात ६४ धावांत सात बळी घेतले. भारताच्या सगळ्या मिळून १९० धावा झाल्या. त्यांपैकी विशीच्या नाबाद ९७. निम्म्याहून जास्त धावा एकट्याच्या.

त्या दुपारी अव्वा संक्रांतीचे तीळ भाजत होती. एकेक गडी बाद होत गेला तसा बाबांचा आवाज बंद झाला. शेवटी आला चंद्रशेखर. चंद्राची थोरवी वेगळी. त्याच्या कसोटी कारकिर्दीत बळी २४२ आणि धावा १६७. बळींपेक्षा धावा कमी असलेला हा माणूस दुसऱ्या टोकाला, आणि विशी शतकाच्या दिशेने निघालेला. दुसरा एखादा असता तर त्याने मिळेल ती धाव घेऊन शंभरचा आकडा गाठायची घाई केली असती. विशी चंद्राला झाकून घेत खेळला. चंद्रा बाद झाला आणि विशी ९७ वर तसाच परत फिरला. तीळ करपले होते. बाबा उठून अंगणात गेले, बराच वेळ उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "खेळला." एवढेच. ती कसोटी आपण शंभर धावांनी जिंकली. पाचवी आणि शेवटची वानखेडेवर हरलो, तरी २-० असे मागे पडून २-२ बरोबरी करणारा तो संघ मला अजून तोंडपाठ आहे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९७६ मध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या डावात ४०३ धावांचे लक्ष्य पार केले. त्यात गावसकर १०२ आणि विशी ११२. घरात पहिल्यांदाच दोन्ही पक्ष खुश. याच सुमाराला पेपरात आले की गावसकरने मुलाचे नाव रोहन जयविश्व ठेवले आहे. कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, तिघांची आठवण एका नावात. पुढे गावसकरच्या बहिणीशी, कविताशी, विशीचे लग्न झाले. तेव्हापासून बाबांचा सूर एकदम बदलला. विशीने चौकार मारला की म्हणायचे, "आमचे जावई आहेत." मुंबईचे जावई, या अर्थाने! अव्वा पदराआड हसायची. धारवाडचे जावई आपण स्वतःही आहोत, हे ते सोयीस्कर विसरायचे. आपल्या भागातल्या अर्ध्याअधिक घरांत हे असेच असणार, त्यामुळे जास्त काही सांगत नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये बाबा मला बंगळूरला घेऊन गेले. रात्रभर बस, आणि बरोबर अव्वाने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी. ऑस्ट्रेलियाविरुद्ध दुसरी कसोटी होती. बाबांचा दिलीप वेंगसरकर आणि माझा विशी जोडीने खेळत होते. वेंगसरकरने ११२ केल्या, विशीने नाबाद १६१. त्याचा स्क्वेअर कट मी डोळ्यांनी पाहिला तो तिथे. रेडिओवर 'कट' एवढाच शब्द यायचा. प्रत्यक्षात तो बुटका माणूस उसळत्या चेंडूला टाचा उचलून चवड्यांवर उभा राहायचा आणि मनगट फिरवायचा. बॅटीचा आवाज असा यायचा की जणू चेंडूला लागलेच नाही काही. पॉइंटचा क्षेत्ररक्षक हलायच्या आत चेंडू सीमापार. लेट कट तर त्याहून उशिरा. यष्टिरक्षकाचे हातमोजे मिटत आलेले, आणि मधेच हा चेंडू उचलून नेतो. ताकद नव्हतीच त्यात. वेळ होती. बाबा नंतर बसमध्ये म्हणाले, "दिलीपच्या धावा मोजाव्याशा वाटतात. याच्या मोजायचं विसरतं." मी ते वहीत लिहून ठेवले, तारखेसह.

मात्र सहाच महिन्यांत याच विशीवरून घरात पुन्हा भांडण पेटले. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. विशी कर्णधार. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर खेळत होते. कपिलच्या चेंडूवर पंचांनी टेलरला यष्टिमागे झेलबाद दिले. टेलर घुटमळला. स्लिपमध्ये उभ्या विशीची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथमने मिळून १७१ धावा जोडल्या. बोथमने शतक केले आणि सामन्यात तेरा बळीही घेतले. आपण दहा गडी राखून हरलो. विशीने भारताचे नेतृत्व दोनच कसोट्यांत केले, त्यांतली ही दुसरी.

बाबा आठवडाभर धुमसत होते. "कॅप्टन आहे का देवळातला पुजारी? पंचांनी बोट वर केलं, विषय संपला!" जावईबापूंचा मान पार उतरला. मी हिरिरीने विशीची बाजू मांडली, खेळाडूपण, सभ्यता, सगळे मोठमोठे शब्द वापरले. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, असे शब्द फुकट असण्याचे वय.

त्यानंतर महिन्याभराने व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आमच्या गल्लीच्या संघाचा अंतिम सामना होता. मी कर्णधार आणि यष्टिरक्षक. समोरच्यांना अकरा धावा हव्या होत्या आणि त्यांची शेवटची जोडी खेळत होती. फलंदाज म्हणजे मिसरूड न फुटलेला पोरगा. चेंडू त्याच्या पॅडच्या पट्ट्याला घासून माझ्या हातात आला. मला स्वच्छ दिसले, पट्ट्यालाच. पण गोलंदाज ओरडला आणि माझेही हात वर गेले. पंचांनी बोट उचलले. पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, बॅटला नाही हो लागला." मी स्टंप उपटायला खाली वाकलो. आम्ही जिंकलो.

बाबा झाडाखाली बसून सामना पाहत होते. परतताना दोघेही सायकली हातात धरून चालत होतो. रेल्वे गेट बंद होते. मालगाडी संथपणे चालली होती, संपता संपत नव्हती. बाबांनी माझ्याकडे न बघता विचारले, "तुझ्या विशीनं काय केलं असतं रे?"

गेट उघडले. ते सायकलवर बसून पुढे निघून गेले. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही. मिळालेला कप दोन वर्षे माळ्यावर होता, मग कल्हईवाल्याला देऊन टाकला. त्या पोराचे नाव मला माहीत आहे. पुढे बाजारात तो बऱ्याचदा दिसायचा, हसून नमस्कार करायचा. सांगायचे तेवढे राहून गेले.

नंतरचे लवकर सांगतो, कारण मला ते फारसे सांगवत नाही. १९८१ मध्ये मेलबर्नला ११४, जानेवारी १९८२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध २२२. आणि त्याच वर्षाच्या शेवटी पाकिस्तानात इम्रानचे आत येणारे चेंडू. कराचीला विशीने बॅट वर उचलून एक चेंडू सोडून दिला आणि तो यष्टींवर आदळला. १९८३ च्या सुरुवातीला त्याच दौऱ्यात तो शेवटची कसोटी खेळला. ते कात्रण मी वहीत लावले नाही.

एकूण ९१ कसोट्या, ६०८० धावा, १४ शतके, सरासरी ४२ च्या आतबाहेर. आजच्या मुलांना हे आकडे मध्यम वाटतात. माझ्या नातवाने तर तोंडावर सांगितले. त्याला मी एवढेच दाखवले की त्या चौदा शतकांपैकी एकाही सामन्यात भारत हरला नाही. सामना थंड असला की विशी कंटाळून विकेट फेकायचा, हा बाबांचा आरोप खोटा नव्हता. गावसकरला धावांची भूक होती. विशीला कोणाची तरी गरज लागायची. मला तो त्या दोषासकटच आवडतो. राहुल द्रविडची, आपल्याच मराठी घरातल्या बंगळूरकराची, १९९६ मध्ये इंग्लंड दौऱ्यासाठी निवड झाली तेव्हा निवड समितीचा अध्यक्ष विशी होता. हे बाबांनीच मला फोन करून कळवले. "जावयानं काम केलं," म्हणाले. म्हणजे सोळा वर्षांनी का होईना, मान परत मिळाला होता. बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

२०२२ मध्ये विश्वनाथचे आत्मचरित्र आले, 'रिस्ट अशुअर्ड'. मुलीने ते बंगळूरहून आणले. अव्वा तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती, कानाने अधू, पण रोज संध्याकाळी शेजारी बसून काहीतरी वाचून दाखव म्हणायची. मी इंग्रजीतून कन्नड करत चेपॉकपर्यंत पोहोचलो. रॉबर्ट्स आला, गडी बाद होऊ लागले. मी श्वास घ्यायला थांबलो तर तिने विचारले, "विशी औट आदना?"

"इल्ल अव्वा," मी तिच्या कानाशी ओरडलो, "सत्त्याण्णव. नाबाद."

तिने जरा विचार केला. "इन्न मूर माडाक एनागित्त अवग?" आणखी तीन करायला काय झालं होतं त्याला?

मग मी पुस्तक मिटले आणि तिला चंद्रशेखरची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.