मेंदूतली भरती
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या दिघीत घड्याळापेक्षा भरती-ओहोटीला मान अधिक. खाडीच्या तोंडाशी भरती केव्हा लागते आणि आत म्हसळ्याकडे पाणी किती उशिरा चढते, हे होडीवर जाणाऱ्या माझ्या वडिलांना तोंडपाठ. यंदा मानसशास्त्राच्या तासाला मेंदूच्या चित्रणाविषयी ऐकले, तेव्हा मला हीच खाडी आठवली.

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. त्या प्राणवायूच्या प्रमाणानुसार एमआरआय यंत्रातला संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा व सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले. क्षणभर एखादा शब्द दाखवला, तर हा संकेत साधारण ५-६ सेकंदांनी कळसाला पोचतो.

परंतु यंत्र सबंध मेंदू एकदम टिपत नाही. पावाच्या कापांप्रमाणे एकेक काप टिपते. समजा, २ सेकंदांत ३० काप घेतले. पहिल्या व शेवटच्या कापात जवळजवळ २ सेकंदांचे अंतर पडते. पुष्कळदा आधी विषम व मग सम क्रमांकाचे काप घेतात. तेव्हा शेजारचे कापही सुमारे एका सेकंदाने मागेपुढे होतात. हिशेबात मात्र सर्वांची वेळ एकच!

एक माणूस दिघीहून खाडीच्या काठाने आत निघाला, धक्क्याधक्क्यावर पाणी मोजत गेला आणि सारे आकडे त्याने निघतानाच्या वेळेखाली लिहिले, अशी कल्पना करा. शेवटच्या धक्क्यावर पाणी प्रत्यक्षाहून लवकर चढले, असे त्याची वही सांगेल. मेंदूच्या बाबतीतही तेच होते. अर्धा मिनिट एकच काम करून घेतले, तर ही तफावत खपून जाते. क्षणिक घटनांचा माग काढताना मात्र क्षीण प्रतिसाद निसटतो. कोणता भाग आधी जागा झाला, हा निष्कर्षही उलटू शकतो.

यावर उपाय दोन. एक काप, बहुधा मधला, प्रमाण मानून इतर कापांचे त्या क्षणीचे आकडे आधीच्या व नंतरच्या नोंदींवरून गणिताने काढायचे; किंवा आकडे तसेच ठेवून अपेक्षित प्रतिसादाची वेळ कापागणिक सरकवायची. नवी यंत्रे अनेक काप एकदम टिपतात, त्यामुळे तफावत घटते. परंतु कापांचा क्रम चुकीचा धरला, तर दुरुस्तीच चूक वाढवते.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सुट्टीत वडिलांना हे सारे धक्क्यांच्या भाषेत सांगितले. ते म्हणाले, "पण तो मानूस कुठल्या धक्क्यावरून निघाला, ते वहीत लिवलंय का?"

वर्गात नेमका हाच प्रश्न विचारायचा माझ्याकडून राहिला होता.